कोऱ्या शौचालयासमोरची प्रार्थना

“आत्या, एका मिनिटात येतो. कुणाला कळणारसुद्धा नाही,” रंगारी अजिजीने म्हणाला.

“देवाला कळेल आणि दादाला कळेल. देवाचं मी बघून घेईन, पण दादापुढे माझं काही चालत नाही,” आत्या म्हणाली आणि शौचालयाच्या दारासमोर खुर्ची ओढून बसली. “माझं घर त्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आमचे हे घरीच असतात. जा, तिथे जाऊन ये.”

रंगाऱ्याने दाराकडे एकदा आशेने पाहिलं. बाजारचौकातलं ते नवंकोरं सार्वजनिक शौचालय लाल फीत बांधून नटून उभं होतं. आत फरशा चकाकत होत्या, नळांना पाणी होतं, आरसासुद्धा होता. फक्त आत जायला परवानगी नव्हती, आणि दाराची किल्ली आत्याच्या मुठीत होती. बिचारा ब्रश हातात तसाच धरून गल्लीकडे पळाला.

आत्या नगरपालिकेच्या तक्रार खिडकीच्या आत बसत असे. ती मुळात भावाच्या मुलांची आत्या, मग ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या, सिनेगॉगमधल्या सगळ्यांची झाली, आणि शेवटी नगरपालिकेचीही. गळके नळ, विझलेले दिवे, तुंबलेली गटारं ऐकून दुसरं कुणी वैतागलं असतं. आत्याला प्रार्थना सुचायच्या. खांबावर चढून दिवा दुरुस्त करणाऱ्यासाठी एक, मतदानाला निघालेल्यांसाठी एक, गाडी चालवण्याच्या परीक्षेला बसणाऱ्यासाठी एक. लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठीही एक होती. ती तिच्या भाचीने खरोखर अडकल्यावर म्हटली, आणि लिफ्ट सुरू झाली.

“मेकॅनिक आला म्हणून सुरू झाली,” दादा म्हणाले होते.

“आणि मेकॅनिकला कोणी पाठवलं?” आत्याने विचारलं होतं.

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, सिनेगॉगमधले हजान. प्रार्थना चालवण्याचं काम त्यांचं, आणि कोणती चालवून घ्यायची नाही हेही तेच ठरवत. दर शनिवारी ते राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना खणखणीत आवाजात म्हणायचे. “मंत्र्यांसाठी चालते, मग नळ दुरुस्त करणाऱ्यासाठी का नाही?” असं आत्या दर शनिवारी विचारायची, आणि दादा दर शनिवारी चष्मा पुसत बसायचे. आत्याची एकही प्रार्थना आजवर चार माणसांत मोठ्याने म्हटली गेली नव्हती. हे तिच्या मनाला फार लागलेलं होतं, आणि ती ते लपवतही नसे.

म्हणून नगराध्यक्षांनी जेव्हा सांगितलं, “आत्या, हे बांधकाम तुमच्याच पिच्छा पुरवण्यामुळे झालं, तेव्हा उद्घाटनाला प्रार्थना तुम्हीच म्हणा,” तेव्हा ती खिडकी बंद करून आनंदाने रडली. खिडकीबाहेरच्या माणसाला वाटलं, त्याच्या गटाराची हकीकत ऐकूनच तिला रडू आलं.

दादांनी मात्र कपाळाला हात लावला.

“संडासासमोर देवाचं नाव? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? आपल्यात चालत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“कोरा असला तर?” आत्या म्हणाली. “अजून कुणी वापरलाच नसेल तर त्याला संडास म्हणायचं का?”

दादा हट्टी, पण प्रामाणिक. नेमक्या याच प्रश्नावर जुन्या पंडितांनी वाद घातलेला त्यांना आठवला होता. ते कपाटाकडे गेले, जाडजूड ग्रंथ काढले, आणि दोन दिवस इतके खुशीत होते की वहिनींना काळजी वाटू लागली.

“आत उभं राहून नाही,” शेवटी त्यांनी निकाल दिला. “पण बाहेर, समोर उभं राहून चालेल. मात्र एकदा जरी कुणी वापरला, तरी संपलं. मग त्याच्यासमोर देवाचं नाव नाही.”

“आणि ते बघणार कोण?”

“मी. सकाळपासून येऊन बसतो.”

आणि खरोखरच ते डोक्यावर टोपी, बगलेत प्रार्थनेचं पुस्तक अशा थाटात समोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले होते. बसल्या जागी चहावर चहा चालला होता.

आत्याचा मूळ बेत असा होता की मांडव रस्त्यापलीकडे घालायचा, म्हणजे हा प्रश्नच नको. पण पाणीखात्याच्या इंजिनियरनी मान हलवली. माइकची वायर तिथवर पुरत नव्हती. मांडव दारासमोरच आला, आणि आत्याला राखण करणं भाग पडलं.

रंगाऱ्यानंतर मांडववाला आला. त्याला तिने घरी पाठवलं. मग खुर्च्या लावणारे दोघे आले, त्यांनाही घरी पाठवलं. रखवालदार म्हणाला, “निदान मला तरी,” तर त्यालाही तोच पत्ता मिळाला. इंजिनियरनी किल्ली मागून घेतली आणि बादली घेऊन फितीखालून आत शिरले, तेव्हा आत्या मागून ओरडली, “वापरायचं नाही हं!”

“फक्त पाणी ओतून बघतो, आत्या. चाचणी घ्यायलाच हवी.”

आतून धो धो आवाज आला. दादा टपरीवरून तरातरा चालत आले, दारातून आत डोकावले.

“पाणी ओतणं म्हणजे वापरणं नव्हे,” ते म्हणाले आणि पुन्हा चहाकडे गेले.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करत, आणि सहसा त्यांचा आवाज घड्याळाच्या वर जात नसे.

“अगं, तू उद्घाटन नक्की कुठे ठेवलंयस? तिथे की इथे?”

“का हो?”

“आपल्या जिन्यात रांग लागली आहे. एक जण म्हणतो, मी फोटोग्राफर. एक म्हणतो, मी सनईवाल्याचा मेहुणा. आत्यांनी पाठवलंय म्हणतात सगळे.”

“थोडं सांभाळून घ्या ना. साबण फळीवर आहे.”

“साबण मघाशीच संपला. आता टाकीही संपली. मी दाराला कुलूप घातलंय आणि दुकानाच्या कामाने बाहेर पडलोय, असं सगळ्यांना सांगून आत बसलोय.”

म्हणजे आता कुणाला पाठवायला जागा उरली नव्हती. आणि नगराध्यक्षांचा पत्ता नव्हता.

फितीजवळ रांगेत पहिली उभी होती अंडीवाली आजी. बाजारातली सगळ्यात जुनी विक्रेती. याच आजीने पहिली तक्रार आणली होती, आणि मग दर सोमवारी त्याच तक्रारीची आठवण करून द्यायला यायची. दिवसभर टोपलीमागे बसायचं आणि जायला जागा नाही, म्हणून बाजारातल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, असं तिने खिडकीतून आत वाकून हळूच सांगितलं होतं. आत्याला त्या रात्री घोटभर पाणीही गोड लागलं नव्हतं.

“आजी, बसा की खुर्चीवर,” आत्या म्हणाली.

“नको गं बाई. उभीच बरी.” आजीचा चेहरा जरा ओढलेला होता, पण डोळे हसत होते. “आज मी सकाळी तांब्याभर पाणी प्यायले. मग अजून एक प्यायले. म्हटलं, आज आपलं हक्काचं उघडणार, आज कशाला तहानेलं राहायचं?”

आत्या हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही.

नगराध्यक्ष आले. हार झाले, फोटो झाले. कार्यक्रमाचा क्रम ठरलेला होता: भाषण, प्रार्थना, मग फीत. नगराध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि घसा साफ केला.

“बंधू-भगिनींनो! आज या चौकात विकासाचा प्रवाह खळाळत आला आहे!”

आजीने डोळे मिटले.

“हा प्रवाह थांबणार नाही! झऱ्याची नदी होते, नदीचा सागर होतो. धरणाचे दरवाजे उघडावेत तसा...”

टपरीवर दादांनीही पायावर पाय टाकला आणि आकाशाकडे पाहिलं. धरणावरून नगराध्यक्ष पावसावर गेले, पावसावरून आपल्या बालपणीच्या विहिरीवर. आजीने टोपलीचा काठ घट्ट धरला होता. तिचे ओठ हलत होते.

“आत्या,” ती कशीबशी म्हणाली, “तुझी प्रार्थना किती मोठी आहे गं?”

आत्याच्या हातात कागद होता. प्रार्थना चांगली लांबलचक होती. त्यातला एकेक शब्द तिने घासूनपुसून ठेवला होता. समोर नगरपालिका बसली होती, बाजार उभा होता, माइक होता, आणि टपरीवर दादा होते, ज्यांना आज ऐकावंच लागणार होतं. असा दिवस पुन्हा येणार नव्हता. भाषण संपेपर्यंत ती फक्त गप्प बसली असती, तरी प्रार्थना ठरल्याप्रमाणे झाली असती.

“मेलं ते!” आत्या म्हणाली. तिने तबकातली कात्री उचलली, फीत कचकन कापली, दार उघडलं आणि आजीला आत ढकललं.

नगराध्यक्ष विहिरीच्या तळाशी पोचले होते. फीत कापलेली बघून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून त्यांनी हात जोडले आणि त्या भरात भाषण संपवलं.

“आता आत्या प्रार्थना म्हणतील!”

आत्या जागची हलली नाही. आतून पाण्याचा आवाज आला. दादा मांडवात येऊन उभे राहिले, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, “आता इथे प्रार्थना होणार नाही.”

नगराध्यक्षांनी इंजिनियरकडे पाहिलं, इंजिनियरनी वायरकडे. आत्याने कागदाची घडी घातली. तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

दार उघडलं. आजी बाहेर आली. तिचा चेहरा असा उजळला होता की फोटोग्राफरने न सांगता फोटो काढला.

“देवा रे देवा,” आजी हात पुसत म्हणाली, “केवढं सुख ठेवलंयस माणसाच्या जिवाला!”

दादांनी आजीकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. मग चष्मा पुसायला काढला आणि न पुसताच पुन्हा लावला.

“अगं वेडे,” ते म्हणाले, “नवी कशाला हवी? आजी बोलल्या त्याची प्रार्थना तर आपल्याकडे आहेच. संडासातून बाहेर आल्यावर म्हणायची. लहानपणी आईने आपल्याला पहिली हीच शिकवली होती. पण ती म्हणायची तर आधी आत जाऊन यावं लागतं.”

तेव्हा कुठे आत्याला जाणवलं की सकाळपासून आपण स्वतः कुठेच जाऊन आलेलो नाही.

“जा बाई, निवांत जा,” आजी म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. “मी राखण करते.”

आत्या आत गेली, बाहेर आली, हात धुतले. दादांनी पुढे होऊन रस्ता ओलांडला आणि समोरच्या कापडदुकानाची पायरी दाखवली. “मांडवाआड इथून दार दिसत नाही. म्हण.” नगराध्यक्ष, इंजिनियर, बाजारातल्या बाया, सगळे तिच्या मागोमाग पलीकडे आले. माइक अर्थातच आला नाही. पण तक्रार खिडकीत कमावलेल्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

तिने म्हटली. आधी जुन्या हिब्रू भाषेत, मग सगळ्यांना कळेल अशी. देवाने माणूस मोठ्या शहाणपणाने बांधला. त्याच्यात वाटा ठेवल्या, नळ्या ठेवल्या, पोकळ्या ठेवल्या. त्यातली एखादी नको तेव्हा उघडली किंवा नको तेव्हा तुंबली, तर राजा असो की रंक, क्षणभरही ताठ उभा राहू शकणार नाही. म्हणून त्याचे आभार.

बाजारातल्या बाया पदराने डोळे टिपत होत्या. इंजिनियर भारावून नगराध्यक्षांच्या कानात म्हणाले, “साहेब, आमच्या खात्याची एवढी माहिती आहे देवाला?”

“आमेन!” दादा गरजले. इतक्या मोठ्याने त्यांनी राज्यकर्त्यांसाठीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी बगलेतलं पुस्तक घाईघाईने आत्याच्या हातात कोंबलं. “हे धर जरा. आत नेता येत नाही.” आणि टोपी सावरत ते रस्त्यापलीकडे अक्षरशः धावले. त्यांच्या पाठोपाठ नगराध्यक्षही धावले, पण दारात आजी उभी होती.

“रांगेत या,” आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आजीचा तो फोटो आला. ज्येष्ठ विक्रेतीला पहिला मान देण्याच्या कल्पकतेबद्दल नगराध्यक्षांचं कौतुक छापलं होतं. त्यांनी कात्रण फ्रेम करून कचेरीत लावलं, आणि आत्याच्या घरी साबणाची पेटी पाठवली.

शनिवारी दादांनी राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना नेहमीप्रमाणे म्हटली. पण पुस्तक मिटलं नाही. बायकांच्या सज्ज्याकडे बघून ते म्हणाले, “आत्या, तुझी राहिली आहे.”

आत्या उठली. कागद काढायची गरजच नव्हती. “विश्वाच्या राजा,” तिने सुरुवात केली, “जे आमचे नळ, दिवे आणि गटारं सांभाळतात त्यांच्या हातांना बळ दे. ज्यांच्या हातात सही आहे त्यांना वेळेवर सही करायची बुद्धी दे. जे खिडकीबाहेर उभे आहेत त्यांना धीर दे, आणि जे आत बसले आहेत त्यांना कान दे. कुणालाही तहान मारून जगावं लागू नये असं कर. आणि भाषणं आटोपशीर असू देत.” शेवटचं वाक्य तिने त्याच आठवड्यात घातलं होतं.

सगळं सिनेगॉग “आमेन” म्हणालं. दादांचा आमेन सगळ्यात शेवटी आला, पण आला. त्यांनी चष्मा काढला, या वेळी खरोखर पुसला, आणि पुढच्या पानाकडे वळता वळता, जणू रोजचीच गोष्ट असावी तसं म्हणाले, “पुढच्या शनिवारी लिफ्टची.”