सावंतकाकांचं रविवारचं मशीन

दर रविवारी भर उन्हात आमचे शेजारी सावंतकाका अंगणात शंभर वॉटचे चार दिवे लावून त्यांच्याकडे बघत बसायचे. दिवे एका फळीवर ओळीने ठोकलेले होते. वीज गेलेली नसायची. आमच्या मुलुंडला ती सहसा जायचीच नाही, आणि हेच काकांचं खरं दुखणं होतं.

काका मूळचे मालवणकडचे. उभं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये घालवून निवृत्त झाले आणि एकाहत्तरच्या युद्धात, ब्लॅकआउटच्या दिवसांत, अंधेरीच्या एका मांडववाल्याकडून जुना जनरेटर घेऊन आले. सगळी मुंबई खिडक्यांना काळे कागद चिकटवत होती आणि हा माणूस दिवे लावायचं मशीन टेम्पोतून उतरवत होता! वडील म्हणाले, काका, आधी युद्ध तरी संपू दे. काका म्हणाले, "येळेर बघलंस तर मशीन दगा देणा नाय." हे त्यांचं उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालायचं.

मग दर रविवारी पूजा असल्यासारखा थाट. आंघोळ करून काका पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. ऑइल किती आहे ते बघायचं, पेट्रोल काकींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं, प्लग काढून दात घासायच्या ब्रशने घासायचा. ब्रश कुणाचा, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. मग दोरी ओढायची आणि अर्धा तास धडधडधडधड. मशीन रिकामं चालवलं तर आतून काजळतं, म्हणून ते चार दिवे.

एकदा संध्याकाळी खरंच वीज गेली. आम्ही सगळे आनंदाने काकांच्या अंगणात जमलो. काकांनी बॅटरीच्या उजेडात ऑइल बघितलं, पेट्रोल गाळलं, प्लग घासला. दोरीला हात घातला आणि वीज आली. काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

मला मात्र या माणसाचा मनापासून राग यायचा. आठवडाभर फोर्टात टाइपरायटर बडवायचा आणि रविवारी दुपारी डोळा लागतो न लागतो तोच हे सुरू! शेवटी सगळ्या शेजाऱ्यांचं ठरलं की मशीन विकायला सांगायचं. सांगणार कोण? माझं तोंड फटकळ, म्हणून मला पुढे केलं. कुणीतरी म्हणालं, बिचाऱ्या काकींना किती त्रास होत असेल. मी म्हटलं, त्यांना कसला त्रास? दोन वर्षांपूर्वी टायफॉइडने त्यांचे कान पार गेलेत. त्रास आपल्याला आहे.

पुढच्या रविवारी मशीन सुरू झाल्याबरोबर मी तणतणत गेले. शेडच्या दारात काकी पाटावर बसल्या होत्या. मशीनच्या लाकडी बैठकीवर तळहात टेकलेला, डोळे मिटलेले. मी आलेली त्यांना कळलंच नाही. एकाएकी त्या मोठ्याने म्हणाल्या, "अवो, अडखळता. प्लग बघा."

काकांनी मशीन बंद केलं, प्लग काढला. चांगला काळा झाला होता. घासून परत बसवला, दोरी ओढली. काकींनी पुन्हा हात टेकला, थोडा वेळ थांबल्या आणि मान हलवली. काकांचा चेहरा असा काही खुलला म्हणता!

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. फडक्याला हात पुसत ते मला अंगणाच्या कडेला घेऊन आले.

"बंद करूचा मा? माका ठावक आसा गो, सगळे वैतागलेत."

मी शेडकडे वळून बघितलं. काकींचा हात अजून मशीनवरच होता.

"माझा बोलणा तिका आता आयकाक येणा नाय," काका म्हणाले. "ह्या तेवढा कळता. आठवडाभर वाट बघता ती. मी बंद करतंय, पण तिका तू सांग. माझ्यान सांगवचा नाय."

मी काकींजवळ गेले. कसं सांगणार होते, देव जाणे. त्यांनी डोळे उघडले, मला बघून तोंडभर हसल्या, माझा हात धरून खाली बसवलं आणि माझा तळहात आपल्या तळहाताशेजारी त्या लाकडावर दाबून धरला. सगळं लाकूड थरथरत होतं.

"बघ," त्या केवढ्यांदा म्हणाल्या, "आता कसा सरळ चलता!"

मला रडूच फुटलं. मशीन थांबेपर्यंत मी तिथून उठले नाही. बाहेर सगळे वाट बघत उभे होते. त्यांना म्हटलं, मशीन कुठेही जाणार नाही, आणि या विषयावर पुन्हा कुणी माझ्याकडे यायचं नाही.