अलार्म बिघडलाय, सही कर

सकाळी दहाला फ्यूम हूडचा अलार्म बोंबलायला लागला आणि पाचव्या मिनिटाला सम्यकला कारण सापडलं. इथंच त्याचं चुकलं. अंधेरी एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये कारण शोधणाऱ्याचं कधी भलं झालेलं नव्हतं.

फ्यूम हूड म्हणजे ॲसिडच्या वाफा ओढून बाहेर फेकणारं काचेचं कपाट. ते जेवढी हवा बाहेर टाकतं, तेवढी ताजी हवा छतातल्या जाळीतून आत यावी लागते. ती जाळी होती लॅबप्रमुख हर्षद सरांच्या खुर्चीच्या बरोबर वर. आणि सरांनी तिच्यावर पुठ्ठा चिकटवला होता.

"सर, पुठ्ठा काढला की अलार्म बंद होईल."

"आणि त्या गार झोतानं माझी मान धरली की तू चोळणार? पुठ्ठा राहणार. अलार्म बिघडलाय."

"बिघडला नाय, सर. बरोबर सांगतोय. आत हवाच..."

"बिघडलाय! तुझ्या हलगर्जीपणामुळे बिघडलाय. तसं लिहून सही कर. बाराला ऑडिटर येतायत, त्यांना कोणाचं तरी नाव द्यायला लागेल. नाहीतर कायम व्हायचं विसर."

सम्यकची सहा महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपत होती. सरांनी कागद स्वतःच लिहून त्याच्या हातात कोंबला. एवढी चपळाई त्या माणसानं सहा महिन्यांत दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नव्हती. सम्यकनं कागद घडी करून खिशात टाकला. सही केली नाही.

साडेअकराला सरांना अक्कल सुचली. "ओढणारा पंखा फुल कर!"

पंखा फुल, अलार्म गप्प.

"बघ! याला म्हणतात अनुभव."

"मग आता सही कशाला, सर?"

"असू दे. तयारी असलेली बरी."

बाराला ऑडिटर राणे आले. सर त्यांना घेऊन लॅबमध्ये शिरले आणि मागे दार धाडकन आपटलं. आतली सगळी हवा पंखा बाहेर ओढतोय, नवी हवा पुठ्ठा येऊ देत नाही. बाहेर उघडणारं ते दार चौकटीत असं रुतून बसलं, की दोघांनी ढकलूनही हलेना.

"सम्यक, बाहेरच्या बटणावरून पंखा बंद कर!" सर दाराच्या काचेमागून ओरडले.

"केला तर अलार्म वाजेल, सर. ऑडिटर साहेब शेजारीच उभेत तुमच्या."

"मग दार ओढ!"

सम्यकनं दाराची मूठ धरली, वॉचमन राजारामनं सम्यकची कंबर धरली. चहा घेऊन आलेल्या शेवंतीमावशींनी ट्रे जमिनीवर ठेवला. "आवशीक खाव! ह्या दाराक झाला काय?"

शेवटी सम्यक काचेला तोंड लावून ओरडला, "साहेब, खुर्चीवर चढा! वरचा पुठ्ठा उपटा!"

राण्यांनी पुठ्ठा उपटला. भस्सकन हवा आली, दार सुटलं. राजाराम खाली, सम्यक वर आणि चहा दोघांच्या अंगावर.

"हा पुठ्ठा कोणी लावला?"

"यानं," सर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. "लेखी घेतलंय."

"सही नाय केली मी," सम्यक जमिनीवरूनच म्हणाला.

"रिपोर्ट लिहितो, मग याचं बघतो," म्हणत राणे सरांच्याच खुर्चीत बसले. दोन मिनिटांनी त्यांचा हात मानेवर गेला. "अहो, तो पुठ्ठा जरा परत लावता का? लिहून होईपर्यंत. मान धरते हो."

सरांनी शहाणपणा केला. दार पुन्हा अडकू नये म्हणून आधी बाहेर जाऊन पंखा कमी केला, मग पुठ्ठा लावला. अलार्म टिपेला गेला. सर पांढरेफटक पडले.

राण्यांनी एका कानात बोट घातलं, दुसऱ्या कानानं नीट ऐकलं, मान डोलावली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "अलार्म प्रत्यक्ष वाजवून पाहिला. उत्तम. कोणताही बिघाड नाही." शिक्का मारला आणि निघून गेले.

"सम्यक, तो कागद दे. सही कर आधी!"

सम्यकनं चहानं भिजलेला कागद सरांच्या टेबलावर पसरला. "करतो ना, अलार्म बिघडलाय म्हणून. फक्त खाली एक ओळ टाका, सर. ऑडिटर राण्यांनी शिक्का मारून खोटं लिहिलंय म्हणून. आधी तुमची सही, मग लगेच माझी."