अंगठा सोडू नकोस, लवू!

दत्तात्रेय मास्तरांना त्यांच्याच गोठ्यातून हाकलून दिलं ते त्यांच्या प्रश्नांमुळे. पोवळी गाय पहिल्यांदाच व्यायला झाली होती. मालिनीबाई पदर खोचून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मास्तर शेजारी उभे राहून विचारत होते, "वासराचे पुढचेच पाय आधी का गं येतात? मागचे आले तर?"

"अहो, तुम्ही बाहेर जा बघू!" मालिनीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ती आधीच घाबरलीय. डॉक्टरांनी बजावलंय, जरासुद्धा आवाज नको. कुकरच्या शिट्टीला दावं तोडणारं जनावर हे! आज तिला काही कमीजास्त झालं ना, तर माझ्याशी गाठ आहे."

मास्तर निमूट बाहेर आले. भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण नोकरीबरोबर कुतूहल काही निवृत्त झालं नव्हतं. सध्या तर एकाच प्रश्नाने त्यांना झपाटलं होतं. आपल्या आगरातले नारळ नेतो कोण, आणि मुळात येतो कुठून?

मुंबईच्या पुतण्याने, शार्दूलने, त्यावर उपाय करून दिला होता. तीन पांढरे डबे, तेही बिनतारी. एक बेड्याच्या, म्हणजे आगराच्या फाटकाच्या, खांबाला, एक विहिरीकडे, एक माडांकडे. डब्यासमोरून माणूस गेला की गोठ्याच्या वाशाला टांगलेला भोंगा अख्ख्या वाडीला उठवणार.

"आणि चोराने डबाच उचकटला तर?" मास्तरांनी लगेच विचारलं होतं.

"डब्याच्या पाठीला बटण आहे, काका. डबा भिंतीला टेकलेला आहे तोवर ते दाबलेलं राहतं. डबा निघाला, बटण सुटलं की भोंगा सुरू. तो बंद होणार फक्त तुमच्या मोबाईलवरून."

एवढा चोख बंदोबस्त, आणि परवा पुन्हा नारळ गेले. भोंगा मात्र ढिम्म!

आज तर घरादाराचं लक्ष गोठ्यात, म्हणजे चोराला मोकळं रान. मास्तरांनी बाहेर जाऊन बेडं ओढून घेतलं आणि मोबाईलवरून पहारा चालू केला. तेवढ्यात आतल्या बाजूने मालिनीबाई छातीएवढ्या दगडी गडग्यापाशी आल्या.

"तुमचा मोबाईल द्या इकडे. माझा बंद पडलाय, डॉक्टरांना विचारायचंय."

मास्तरांनी गडग्यावरून मोबाईल दिला, बाई लगबगीने गेल्या, आणि मग मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता बेड्यातून आत पाऊल टाकलं की भोंगा, आणि तोही थेट पोवळीच्या डोक्यावर! हाक मारावी तर तीही चोरी. स्वतःच्या घराबाहेर ते स्वतःच्याच हुशारीने अडकले होते.

गप्प उभे राहिले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर खांबाला तो डबा होता, आणि डब्याच्या पाठीला ते बटण होतं. ते खरंच असतं का? केवढं असतं? डब्याच्या कडेला थोडी फट दिसत होती. मास्तरांनी सहज, आपलं नुसतं चाचपायला म्हणून, फटीत अंगठा सरकवला. बटण लागलं! मुगाएवढं. मास्तरांना कोण आनंद झाला! त्या आनंदात हाताला जरा हिसका बसला, जांभ्याच्या खांबातला स्क्रू लाल भुकटीसकट निसटला आणि अख्खा डबा त्यांच्या हातात आला.

अंगठा बटणावर होता, म्हणून भोंगा गप्प होता. आता अंगठा सुटला की पोवळी बिथरली, आणि पोवळी बिथरली की वासराचं काय होईल ते देव जाणे. कपाळावर घाम आला तरी पुसायला हात उचलायची हिंमत होईना.

तेवढ्यात लवू आला. शेजारच्या वाडीतला हा रिक्षावाला म्हणजे मोठा मायाळू माणूस. मास्तरांकडे चोरी झाली की हळहळायला सगळ्यांत आधी हजर.

"काय वो मास्तर, खांब धरून काय करताव?"

"हळू बोल, मेल्या!" मास्तरांनी कुजबुजत सगळी हकीकत सांगितली.

"आयला! मंग आता?"

"तू जरा इथे अंगठा ठेव. मी आत जाऊन मोबाईल आणतो."

दोघांचे अंगठे एकमेकांवर चढले, घसरले, पुन्हा चढले. लवूची जीभ बाहेर आली होती. अखेर मास्तरांचा अंगठा सुटला आणि लवूचा बसला. भोंगा गप्पच. दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला.

"पण मी आत जाऊ कसा रे? बेड्यातून गेलो की बोंबलायचा तो."

"बेड्यातनं कशाला?" लवू घाईघाईने म्हणाला. "मागं फणसाजवळ गडग्याचा चिरा निखळलाय, तिथनं शिरा. बुंध्याला चिकटून ऱ्हावा, उजवीकडं सरकलात तर विहिरीवरच्या डब्याला दिसताव. मंग कठड्याखालनं वाकून जायचं. काय नाय होत!"

मास्तर धावलेच. चिरा खरोखरच निखळलेला होता. ते बुंध्याला चिकटले, विहिरीपाशी ओणवे झाले, आणि त्याच अवस्थेत मध्येच थबकले. हे सगळं लवूला कसं माहीत?

दुसरा कुणी चिडला असता. मास्तरांना मात्र अस्सा आनंद झाला, जणू नकाशावर हरवलेली नदी सापडली. पण आधी पोवळी! ते वाकूनच गोठ्यात पोचले.

गोठ्यात पाडी झाली होती. ओली, थरथरणारी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. पोवळी तिला चाटत होती आणि मालिनीबाई डोळे पुसत होत्या.

"सुखरूप सुटली हो," मालिनीबाई म्हणाल्या. "पुढचेच पाय आधी आले."

"छान, छान! मोबाईल दे आधी. भोंगा बंद करायचाय."

"कुठला भोंगा? तो मी पहाटेच काढून ठेवला. ऊन पाण्यासाठी हीटर कुठे लावणार होते मग? इथे प्लग एकच आहे."

मास्तरांनी पाहिलं. भोंगा गव्हाणीत पालथा पडला होता, वायर गुंडाळलेली. ते हळूच हसू लागले.

"चहा टाकतेस? आणि तो पाट दे जरा. गडग्यापाशी बसून पितो."

"हे काय नवीन?"

"लवू आलाय ना. त्याच्याशी निवांत बोलायचंय."

चहाचा कप घेऊन मास्तर मुद्दाम फणसाकडच्या वाटेनेच बाहेर आले, खांबापाशी ऐटीत पाट मांडून बसले. लवू घामाने निथळत होता.

"मास्तर, झाला का बंद? अंगठा मेला वो माजा!"

"नाही रे बाबा, अजून वेळ आहे. पोवळी फार नाजूक अवस्थेत आहे. अजिबात सोडू नकोस हं, सगळी वाडी गोळा होईल." मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि पाट पुढे सरकवला. "हां, तर लवू, मला एक सांग. माडावर चढायचास तेव्हा नारळ खाली टाकायचास, की दोरीने सोडायचास? आवाज कसा नाही रे यायचा?"