पाच करवंदांची तंदुरुस्ती

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा वजन कमी करायला सकाळी फेऱ्या मारायचा, पिल्लांचा एक फुटबॉल संघ होता. त्यांचे प्रशिक्षक होते अस्वलमास्तर.

मास्तर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि कामातून गेले. म्हणाले, "आता मी तुमच्याकडे बघून काही ठरवणार नाही. कसं वाटतंय ते तुम्हीच सांगायचं! रोज सकाळी या दगडावर करवंदं ठेवा. गळून गेला असाल तर एक. एकदम ताजेतवाने असाल तर पाच. मी त्यांचा अभ्यास करीन."

अस्वल करवंदांचा अभ्यास कसा करतं, ते तुम्हाला माहीत आहेच. पोटात घालून.

पहिल्या दिवशी सशाने पाच ठेवली. मास्तरांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात खेळाडू!"

फिरकी नावाच्या मुंगसाच्या पोरीने दोन ठेवली. तिचा पाय मुरगळला होता, आणि ती बिचारी खरं बोलणाऱ्या घरातली होती.

"दोनच?" मास्तर हिरमुसले. "वृत्ती बरी नाही तुझी. बाहेर बस."

"पण मास्तर, रविवारी रानडुकरांशी अंतिम सामना आहे! मला खेळायचंय हो!"

"मग बरं वाटून घे."

दुसऱ्या दिवसापासून सगळा संघ पाचावर आला. आता पाच करवंदं म्हणजे काय गंमत आहे? जवळच्या जाळ्या तर कधीच ओरबाडून झाल्या होत्या. पोरं पहाटे उठून डोंगर चढायची, काट्यांत घुसायची, रक्तबंबाळ होऊन धापा टाकत यायची आणि आपण ताजेतवाने असल्याचं जाहीर करायची.

फिरकी मात्र मस्त झोपायची. शनिवारपर्यंत तिचा पाय बरा झाला.

"मास्तर, मी ठणठणीत आहे!"

"करवंदं कुठायत?"

"आणायला गेले असते तर दमले असते."

"मग पुरावा नाही."

रविवारी संघ मैदानात उतरला आणि आडवा झाला. ससा मध्यरेषेवरच घोरू लागला. रानडुकरांनी अकरा गोल केले. बारावा केला नाही, तो लाजेपोटी. फिरकी काठावर उड्या मारत ओरडत होती, "मला पाठवा! अहो, मला पाठवा!" कुणी ऐकलं नाही. मला अजून वाईट वाटतं.

चौकशी झाली. मास्तर ढेकर देऊन म्हणाले, "संघ पूर्ण तंदुरुस्त होता. आकडे बघा! कमी होते ते फक्त या पोरीचे. हिचीच मरगळ सगळ्यांना लागली."

दुसऱ्या दिवशी फिरकीने सात करवंदं ठेवली. ती आता कर्णधार आहे आणि चारही पायांनी लंगडते.

तात्पर्य : मुलांनो, "कसं वाटतंय?" असं कुणी विचारलं तर नेहमी खरं सांगावं. फक्त आधी विचारणाऱ्याची भूक बघून घ्यावी.