पहिल्या नंबरचा फेटा

वऱ्हाडात माझ्याइतकी जोरात सायकल हाणणारा दुसरा वकील नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बाकीच्या वकिलांना सायकल हाणायला सवड नसते. त्यांच्याकडे पक्षकार असतात.

माझ्याकडेही एकदा एक पक्षकार आला होता. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीचा वाद होता. मी केस घेतली, भांडलो आणि जिंकलो! माझ्या वकिलीतला हा एकुलता एक विजय. अडचण इतकीच झाली, की समोरची पार्टी म्हणजे भातकुलीचे बापूसाहेब, माझे सख्खे सासरे होते. बाभूळ शेजाऱ्याला गेली आणि सासऱ्यांचं दार मला बंद झालं. दिवाळसण नाही, निरोप नाही. धाकट्या मेहुणीचं, चारुशीलाचं, लग्न जमल्याचंसुद्धा मला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

म्हणून त्या साली माघात अमरावतीला तीन दिवसांची सायकल शर्यत ठरली तेव्हा मी सर्वांत आधी तिचा रस्ता विचारला. पहिल्या दिवशी बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून दर्यापूर. आणि तिसऱ्या दिवशी दर्यापूरहून भातकुलीवरून परत अमरावती.

भातकुलीवरून! म्हणजे सासऱ्यांच्या दारावरून! मी तिथल्या तिथे ठरवलं. पहिल्या नंबरानं त्या दारासमोरून जायचं, घंटी वाजवत जायचं आणि मान जराही वळवायची नाही.

शर्यत धंदेवाईक होती. प्रत्येक गड्यामागे कोणी ना कोणी व्यापारी उभा होता. माझ्यामागे केशतेलाचे कारखानदार खुशालराव उभे राहिले. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'केस गळणे आजच थांबवा' असं लिहून घेतलं आणि मला एकच अट घातली: काही झालं तरी टोपी काढायची नाही.

माझी बायको कुंदा तर माझ्यापेक्षा उत्साहात होती. एरवी मी सायकलला हात लावला की ती नळाला हात लावते आणि पाणी भरायला सांगते. या वेळी तिनं डिंकाचे लाडू वळून दिले. "अवो, तीन दिवस म्हणजे तीन दिवस. मधातून पळून येऊ नका," असं दोनदा बजावलं. मी गहिवरलो.

शर्यतीच्या कमिटीत मी कायद्याचा माणूस म्हणून एक सूचनाही मंजूर करून घेतली. शेवटची सायकल जाईपर्यंत रस्त्यावर एकही बैलगाडी, दमणी किंवा मोटर सोडायची नाही. धुळीनं गड्यांचा दम कोंडतो. कमिटीनं पोलिसांना तसं कळवलं. पुढं जे झालं त्यात ही सूचना फार चोख पाळली गेली.

पहिल्या दिवशी अकोल्याला सगळ्यांच्या आधी अब्दुल रहीम पोचला. अब्दुल रहीम अकोल्याचाच, विडीच्या एका कारखान्याकडून धावणारा, सडपातळ आणि अतिशय अदबशीर गडी. पुढं जाताना तो "माफ करा, वकीलसाहेब" म्हणून जायचा. त्यामुळे मागं पडल्याचं दुःख दुप्पट व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. पूर्णेच्या वाळूतून सगळ्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या होत्या. पलीकडे चढताच एका धनगराचं कुत्रं माझ्या मागं लागलं. ते इमानी जनावर दर्यापूरच्या वेशीपर्यंत माझ्या टाचेचा वास घेत आलं. मी असा काही सुटलो की दर्यापूरला पोचल्यावर दोन्ही दिवसांची बेरीज करता पहिला नंबर माझा! लोकांनी मला वेग कुठून आणला ते विचारलं. मी म्हणालो, "सराव."

शर्यतीत जो सर्वांत पुढं असेल तो लोकांना ओळखू यावा म्हणून कमिटीनं एक केशरी फेटा ठेवला होता. जरीकाठी, तुऱ्याचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या डोक्यावर बांधला गेला. दर्यापूरकरांनी झेंडूची माळही घातली. खुशालराव खास मोटरीनं आले होते. फेट्यानं डोकं कानांपर्यंत झाकलेलं पाहून त्यांना फार समाधान वाटलं.

मी सुटलो. अब्दुल रहीम मागं पडला. भातकुली दोन कोसांवर राहिली तेव्हा फाट्यावर पोलिसांनी अडवलेल्या गाड्यांची रांग दिसली. चार-पाच दमण्या, एक मोटर, मोटरीत दाटीवाटीनं बसलेली रेशमी माणसं आणि टपावर सनई-चौघडा. माझ्या सूचनेची अंमलबजावणी पाहून मला अभिमान वाटला. मी त्यांच्याकडे पाहून हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

भातकुलीची शीव आली. मी घंटीवर अंगठा ठेवला. आणि पाहतो तर रस्त्यावर ही गर्दी! तोरण, सडा, रांगोळी, कलश घेतलेल्या बायका. मला वाटलं, अरे वा! माझी कीर्ती गावात आधीच पोचली!

"आला! नवरदेव आला!" कोणीतरी ओरडलं.

"सायकलवर काहून आला?"

"मोटर बिघडली असंल. शिकेल-सवरेल पोरगं आहे, खोळंबून राह्यलं नाई!"

मी "अहो, मी..." एवढं म्हटलं असेल-नसेल, इतक्यात वाजंत्री सुरू झाली. चौघांनी मला सायकलवरून उचललं, जसं पोतं गाडीतून उतरवतात तसं. दोघांनी पाटावर बसवलं. तीन दिवसांची धूळ आणि आताचा घाम मिळून माझ्या चेहऱ्यावर असा लेप बसला होता की माझ्या आईनंही मला कुणीतरी कुंभार समजलं असतं. त्यात दम लागलेला. तोंडातून शब्दाऐवजी वाराच निघत होता.

तेवढ्यात समोर तांब्याचं घंगाळ आलं. त्यामागून एक भारदस्त गृहस्थ आले, खाली बसले आणि माझे पाय त्यांनी हातात घेतले.

ते बापूसाहेब होते!

ज्यांनी बाभळीपासून माझं नाव घरात उच्चारू दिलं नव्हतं, ते गुडघ्यावर बसून माझ्या पायाची बोटं एकेक करून धूत होते. मनापासून धूत होते. "फार चिखल आहे बाप्पा," असं म्हणून त्यांनी टाच चोळली. मी विचार केला, बोलावं तर घंगाळ डोक्यावर येईल. न बोलावं तर थोड्याच वेळात चारुशीलाशी लग्न लागेल. वाजंत्री थांबली. गुरुजी माझ्या कपाळाला गंध लावायला वाकले आणि माझ्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेच निघालं.

"माझी हरकत आहे!"

बापूसाहेबांचा हात टाचेवरच थांबला.

"हा आवाज म्या कुठंतरी आयकला आहे," ते हळूच म्हणाले.

"कोर्टात," मी म्हणालो.

त्यांनी ओल्या पंच्यानं माझं तोंड पुसलं. एक फराटा उजवीकडून, एक डावीकडून. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शालू नेसलेली करवली निरांजन घेऊन ओवाळायला पुढं आली आणि जागच्या जागी थबकली.

"अगंबाई! हे तं आमचे हे!"

ती कुंदा होती.

"तू इथे?" मी पाटावरूनच विचारलं. "तू तर अमरावतीला, शेवटच्या रेषेवर आरती घेऊन..."

"माया बहिणीचं लगन आहे. आईनं गुपचूप बोलावलं. तुमी घरी असते तं येऊ देलं असतं काय? म्हनून तं तुमाले शर्यतीत धाडलं!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "लाडू संपले काय?"

मी माळेतल्या झेंडूच्या पाकळ्या मोजू लागलो.

बापूसाहेब उठले. "वकील, तुमी माह्या घरची बाभूळ नेली. आता लगन मोडाले आले काय? नवरदेव कुठं आहे?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर फाट्यावरची मोटर उभी राहिली. रेशमी माणसं. सनई-चौघडा.

"रस्त्यात आहे," मी म्हणालो. "शर्यतीसाठी रस्ता बंद आहे. शेवटची सायकल जाईपर्यंत सोडणार नाहीत."

"असा कायदा कोन्या शहाण्यानं काढला?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. पण ती निरांजनाची वात सारखी करू लागली. बायकोचं मोठेपण अशा वेळी दिसतं.

गुरुजी म्हणाले, "सूर्य माथ्यावर यायच्या आत लागलं पाहिजे. पुढचा मुहूर्त थेट वैशाखात." ओसरीच्या आतून चारुशीलाच्या रडण्याचा आवाज आला. लहान असताना ती माझ्या सायकलची घंटी वाजवायला यायची. एवढ्या भांडणातही मला चोरून 'भाऊजी' म्हणणारी ती एकटीच होती.

त्याच वेळी अब्दुल रहीम येऊन पोचला. मला पाटावर, माळ घातलेला, पाय धुतलेला पाहून तो सायकलवरून उतरला.

"वकीलसाहेब," तो गंभीरपणे म्हणाला, "दुसरी शादी करून राहिले काय?"

मी सगळं सांगितलं. कोणीतरी त्याच्या हातात सरबत दिलं. ते त्यानं शांतपणे संपवलं.

"तुमी जा, दुल्हा आना," तो म्हणाला. "म्या तोवर जिंकून येतो. जेवाले मात्र माही जागा धरून ठेवजा." आणि माफ करा म्हणून तो अमरावतीकडे निघाला.

मी दर्यापूरकडे तोंड केलं! शर्यतीतला पहिला नंबर, फेटा आणि तुऱ्यासकट, उलट्या दिशेनं. समोरून येणारे गडी मला पाहून गोंधळले. दोघंजण तर चूक आपलीच असं समजून माझ्यामागं वळले. त्यांना "पुढं जेवण आहे!" असं ओरडून परत पाठवावं लागलं. ते भातकुलीला थांबले आणि त्यांच्यामागून येणारेही थांबले.

फाट्यावर शिपाई उभाच होता. मोटरीत नवरदेव नारायण मुंडावळ्या बांधून बसला होता. दर्यापूरच्या शाळेतला मास्तर, अंगानं गुबगुबीत.

"मोटर सोडा," मी शिपायाला म्हणालो.

"आखरी सायकल गेल्याबिगर नाई. साहेबाचा हुकूम."

"आखरी कोण राहिलं आहे?"

"सूर्यभान नावाचा कोनी आहे. आला नाई अजून."

मी पाहिलं. सूर्यभान मोटरीपलीकडे वऱ्हाडात मांडी घालून बसला होता. सायकल झाडाला टेकवलेली, अंगावर कुणाची तरी शाल, हातात चिवड्याची वाटी. वऱ्हाडी त्याच्यासाठी खोळंबले होते आणि तो वऱ्हाडींच्या आग्रहासाठी खोळंबला होता!

"अरे, तू जा! तुझ्यापायी लग्न अडलं!"

"पायात गोळा आला, वकीलसाहेब. उठताच येत नाई."

आता वेळ नव्हता. मी शिपायाकडे वळलो. "शर्यतीची सायकल जाऊ शकते?"

"जाऊ शकते."

"सायकलवर माणसं किती असावीत हे साहेबांनी सांगितलं आहे?"

शिपायानं बराच विचार केला. "नाई सांगतलं."

वकिलीतला हा माझा दुसरा विजय! मी नारायणाला दांडीवर बसवलं. दांडी कुरकुरली. मीही कुरकुरलो. त्याच्या मुंडावळ्या वाऱ्यानं उडून माझ्या डोळ्यांवर येत होत्या, म्हणून रस्ता तो सांगत होता आणि सायकल मी हाणत होतो.

"आपण कोण?" त्यानं वाटेत विचारलं.

"तुमचा साडू."

त्यानं दांडी आणखी घट्ट धरली. मग म्हणाला, "सासरे फार तापट आहेत म्हणतात. खरं काय?"

"पाय फार छान धुतात," मी म्हणालो. "उजवीकडे घ्या, बैल आहे!" तो ओरडला.

मुहूर्त सापडला. अक्षता पडल्या. चारुशीला हसली. माझे पाय मात्र लग्नभर आपोआप गोल फिरत होते. पंगतीत सायकलवाल्यांची एक वेगळी ओळच बसली. सूर्यभानाचा गोळा उतरून तो फाट्यावरून निघाला, रस्ता मोकळा झाला आणि वऱ्हाड त्याच्यामागून येऊन पोचलं. तो एकटाच न थांबता गेला, कारण त्याचं खाणं झालं होतं. बाकीचे ढेकर देत त्याच्यामागं निघाले. संध्याकाळच्या सुमाराला अब्दुल रहीम गळ्यात हार घालून परत आला. सायकल टेकवून तो धरून ठेवलेल्या जागेवर बसला.

बापूसाहेब हातात जिलब्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर आले.

"पयला नंबर होता म्हनते तुमचा?"

"होता."

"मले कोर्टात हरवतानी थांबले नाई. आज काहून थांबले?"

कुंदा मागून म्हणाली, "आज पक्षकार मी होते, बाबा."

बापूसाहेबांनी ताट सावरलं. मग माझ्या पानात जिलबी वाढली, आणखी एक वाढली आणि म्हणाले, "दिवाळीले येजा. दोघंही."

मी मान वळवून पाहिलं. कुंदा डोळे पुसत होती. मी दोन्ही जिलब्या खाल्ल्या.

परतीची मोटर वऱ्हाडींनी भरून गेली. कुंदाला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी असायला पाहिजे होतं. शेवटी अंधार पडता पडता, कोणी पाहणार नाही अशा बोलीवर, ती शालूसकट दांडीवर बसली. नारायणाच्या मानानं ती पिसासारखी होती. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "पुढं पाहा."

कोणी पाहणार नाही अशी बोली होती, पण अमरावतीच्या शेवटच्या रेषेवर गॅसबत्ती जळत होती. तिच्याखाली कमिटीचे महादेवराव एकटेच खुर्ची टाकून बसले होते. मोठे काटेकोर गृहस्थ. शेवटचा गडी आल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांचा नेम. आम्ही रेषा ओलांडली. कुंदानं तोंडावर पदर घेतला.

"सगळे आले?" मी विचारलं.

"आले."

"म्हणजे माझा नंबर अठरावा. शर्यतीत गडीच अठरा होते."

महादेवरावांनी चष्मा नाकावर सरकवला, कुंदाकडे पाहिलं, मग दांडीकडे पाहिलं, मग रेषेकडे पाहिलं.

"अठरावा नंबर बाईंचा," ते म्हणाले. "त्या तुमच्या पुढं होत्या. तुमी एकोणिसावे."