हेडसरांची न ठोकलेली गाडी

जुनी वस्तू घ्यायची तर मला विचारून घ्यावी, अशी आमच्या घरात पन्नास वर्षांची पद्धत आहे. उगाच नाही! लग्नानंतर ह्यांनी एक जुनं कपाट आणलं, तेव्हा मी नुसतं दार उघडून वास घेतला आणि सांगितलं, हे दातांच्या डॉक्टरांचं आहे. ह्यांनी मला वेड्यात काढलं. आठवड्याने खालच्या खणामागे अख्खी कवळी सापडली! शिवणयंत्र, रेडिओ, पाळणा, सगळ्यांची कुळकथा मी शोधून काढलेली आहे आणि ती अजून मला तोंडपाठ आहे.

म्हणून लेकीने जुनी मोटार घ्यायची ठरवली, तेव्हा मी पदर खोचला.

तिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं. आमच्या नाक्यावर पहिली बस येते सहा पन्नासला, आणि पुढे आणखी एक बस बदलायची. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही! आणि त्या दिवशी शनिवार होता.

गाडी मागच्या गल्लीतल्या हेडसरांची. माणूस इतका सरळ, की शेजारी फूटपट्टी धरली तर तीच वाकडी दिसावी. शाळा जवळ, त्यामुळे ते पायी जात आणि गाडी फक्त रविवारी काढत.

"आठ वर्षांत एक ओरखडा नाही," ते म्हणाले. "वर्षातून एकदा कंपनीत सर्व्हिसिंग. बाकी ह्या गाडीला माझ्याखेरीज कुणाचा हात लागलेला नाही!"

लेक विरघळली. मी नाही. मी गाडीला एक चक्कर मारली. मागचा उजवा दिवा डाव्यापेक्षा चांगला सात वर्षांनी लहान दिसत होता. मागचं उजवं दार तर एवढं पांढरं, जसं काही सगळ्या दारांत त्या एकट्यानेच पावडर लावली होती! ते उघडलं, तर आतल्या कडेला ऑइल बदलल्याची चिठ्ठी. तारीख, किलोमीटर आणि कुठल्याशा गॅरेजचा फोन नंबर. कंपनीचा नव्हे! मी नंबर एकदा वाचला. मला एकदा पुरतो.

घरी येऊन फोन हातात घेतला.

"आई, काय सांगणार आहेस त्याला?" लेक घाबरली.

"तू बघत राहा."

परक्या बाईला कोण गाडीची अंडीपिल्ली सांगेल? म्हणून मी आवाज जरा थरथरवला. "हॅलो, मी हेडसरांची आई बोलतेय. आपली ती पांढरी गाडी..."

पुढचं बोलूच दिलं नाही त्याने!

"बोला आई! आता काय ठोकलंत?"

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"गेटचा खांब, की परत ती पाण्याची टाकी?"

"खांब," मी म्हटलं. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"तिसऱ्यांदा! अहो आई, खांब काही जागचा हलत नाही, तुम्हीच जरा लांबून घ्या. बुधवारी आणा, नेहमीच्या वेळेला. सर शाळेतून यायच्या आत देतो. आणि घाबरू नका, सरांना अजून एका शब्दाने कळलेलं नाही!"

शहाण्या बाईने इथे फोन ठेवून गप्प बसायला हवं होतं. पण कवळीनंतर एवढं मोठं यश मला मिळालं नव्हतं! लेक "राहू दे ना गं" म्हणत मागे धावतेय आणि मी पुढे, अशी आमची वरात हेडसरांच्या बैठकीत पोचली. मी सगळं सांगितलं, थेट गॅरेजवाल्याच्या आवाजात. हेडसर त्या उजव्या दारासारखे पांढरे होत गेले.

"अशक्य! माझ्या आईला गाडी येत नाही. तिला गाडीचं दारसुद्धा मी उघडून देतो!"

तेवढ्यात त्यांच्या आई चहा घेऊन आल्या. वय माझ्याएवढंच, पंच्याहत्तरीचं. जीव मुठीएवढा, चष्मा बशीएवढा.

"आई, तू गाडी चालवतेस?"

"कोण म्हणतं?"

"तुझा गॅरेजवाला!"

"तो कधीच सांगायचा नाही," बाई ठामपणे म्हणाल्या, आणि मग त्यांनी जीभ चावली.

हेडसर मटकन खाली बसले. "कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून. वडिलांचा ट्रक चालवायचे मी. ह्या घरात आले आणि पुन्हा कुणी हातात किल्ली दिली नाही. तू शाळेत गेलास की गाडी बाहेर उभी, मी आत बसलेली. दोघींनाही गंज चढायला लागला होता रे!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला आमच्या ह्यांची स्कूटर आठवली. तिच्यावर बावीस वर्षं मी मागे बसले. एकदा पुढे बसून बघू का, हे काही तोंडातून निघालं नाही.

हेडसर ताडकन उठले. "व्यवहार रद्द! असली ठोकलेली गाडी मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही!"

लेकीने माझ्याकडे बघितलं. "झालं समाधान?" तिच्या डोळ्यांत मला सहा पन्नासची बस स्पष्ट दिसली. कुठून तो नंबर वाचला, असं झालं मला!

"रद्द कसला? बस खाली!" हेडसरांच्या आई कडाडल्या. आणि हेडसर बसले! "नीट ऐक. तुमच्या शाळेची तपासणी होती त्या आठवड्यात नवा क्लच. तू मुलांची सहल घेऊन गेलास तेव्हा रेडिएटर आणि उजवं दार. वार्षिक परीक्षेत ब्रेक, निकालाच्या दिवशी बॅटरी. कंपनीवाले तुला नुसती धुऊन देतात. अरे, ह्या गाडीत आता जुनं असं तुझं चालवणं तेवढं उरलंय!"

लेकीने पुन्हा फोन लावला, ह्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असा. गॅरेजवाल्याने एकूण एक गोष्टीला होकार दिला. "इंजिन पाच वर्षं उघडायला नको," तो म्हणाला. "फक्त आईंना खांबापासून लांब ठेवा."

हेडसरांनी मग कागद घेतला, सगळ्या दुरुस्त्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या, खाली सही केली आणि आईचीही घेतली. माफीपत्र लिहून घ्यावं तशी!

सोमवारी लेक सातला दहा कमी असताना इस्पितळात हजर होती. गाडी गुणाची निघाली.

हेडसरांच्या आई आता दर गुरुवारी, लेकीच्या सुट्टीच्या दिवशी, "मला भेटायला" येतात. दुपारी लेक गाढ झोपते आणि आम्ही दोघी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात जातो. पहिल्या दिवशी मी गाडी चार हात नेली. गेल्या गुरुवारी तर चांगली लांबवर नेली, भिंत आली म्हणून थांबले.

गॅरेजवाल्याने पुढचा दिवा तासाभरात बसवून दिला. लेक मात्र अजून भेटेल त्याला अभिमानाने सांगते, की तिच्या गाडीची एकूण एक दुरुस्ती तिच्याकडे लेखी आहे, हेडसरांच्या सहीनिशी. सांगू दे बापडी. मी कशाला मध्ये बोलू?