तपासणीची बनियन

आमच्या लिंबाजीकाकाची एक बनियन कायम दारामागच्या खुंटीला टांगलेली असायची. पुढून भोकं पडलेली, पाठीवर हातभर फाटलेली. एकदा आईनं तिचं पोतेरं केलं, तर काका दिवसभर जेवला नाही. धुऊन, वाळवून ती परत खुंटीवर लागली तेव्हा कुठं ताटावर बसला. ही बनियन रोज घालायची नव्हती. ती तपासणीसाठी होती.

तपासणी कसली, तर माझ्या स्कॉलरशिपची. मी नांदेडला समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होते आणि माझी फी, राहण्याचा खर्च सरकार देत होतं. काकाची आखाडा बाळापूरला रोडवर सायकलदुरुस्तीची टपरी होती. पुतणी काय शिकते असं कुणी विचारलं, की तो पंक्चर काढता काढता सांगायचा, "लोकाचं भलं कसं करायचं ते शिकून राहिली. सरकार पैसे देऊन शिकवून राहिलं." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा थट्टा करतोय. काका थट्टा करत नसायचा. फक्त जे सरकार पैसे देतं ते एक दिवस बघायला येणारच, आणि आपण पुरेसे गरीब दिसलो नाही तर पोरीचं नाव काढणार, याबद्दल त्याच्या मनात जराही शंका नव्हती.

त्यामुळं आमच्या घरातली सुखाची प्रत्येक वस्तू लपून राहायची. हप्त्यानं घेतलेल्या टीव्हीवर गोधडी. पंखा लावायचा तो दार ओढून घेतल्यावर. मटण शिजलं की काका आधी रस्त्यापर्यंत जाऊन वास कुठवर येतो ते बघून यायचा, मगच वाढायला सांगायचा. मावसबहिणीच्या लग्नात फोटोवाल्यानं मला पुढं बोलावलं, तर यानं भर मांडवात माझा हात धरून मागं ओढलं. नव्या साडीतला फोटो म्हणजे पुरावा, असं त्याचं म्हणणं.

हिंगोली जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. काका तेवढा तोंड पाडून घरी आला. आधी साहेबाला परभणीहून यावं लागायचं, बिचारा वाटेतच कंटाळायचा. आता हिंगोलीहून निघाला की चहाच्या वेळेला दारात, ही त्याची चिंता.

मग एकदा खरंच गल्लीत जीप आली. मी सुटीत घरी होते. काकानं पंखा बंद केला, गोधडी नीट ओढली, बनियन चढवली आणि उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. जीपमधून एक नर्सबाई उतरल्या. घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे का, असं त्यांनी विचारलं. काका हात जोडून म्हणाला, "उत्पन्न काहीच न्हाई, बाई."

बाई पोलिओचे डोस पाजायला आल्या होत्या. सगळी गल्ली पोट धरून हसली. मी न्हाणीत जाऊन उभी राहिले ती जीप जाईपर्यंत बाहेर आले नाही.

त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. माणसाचा मान आधी, मदत नंतर, असं कॉलेजात नुकतंच शिकले होते. ही भीक नाही, आपला हक्क आहे, असं त्याला सांगितलं. तुझ्यामुळं गल्लीत मान वर करता येत नाही, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"हक्कच हाय," तो म्हणाला. "पन हक्काची बी तपासणी असते, माय."

माझं शिक्षण संपेपर्यंत कुणी आलं नाही. पुढं मला मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात गृहपालाची नोकरी लागली. काका तिथं यायचं टाळत राहिला. फार आग्रह केला तेव्हा एका दुपारी धुतलेला सदरा घालून आला. मी खुर्ची पुढं केली, पण तो बाकाच्या टोकाशी टेकला. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात सुटीवरून परतलेली एक मुलगी वऱ्हांड्यात आली. मला बघताच तिनं पायातल्या नव्या चपला काढून पाठीमागं धरल्या आणि मान खाली घालून उभी राहिली. माझ्या काही लक्षात आलं नाही. ती उशिरा आली होती, म्हणून मी तिला तिथंच थांबायला सांगितलं.

काकानं कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काढनार तर न्हाईस ना तिला?"

"मी काहून काढीन?"

मग तो माझ्याकडं न बघता सांगू लागला. तोही शाळेत असताना वसतिगृहात राहिला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मामानं एका लग्नासाठी शिवून दिलेली टेरिकॉटची पँट घालून तो एकदा जेवणाच्या रांगेत उभा राहिला. तिथल्या साहेबानं त्याला रांगेतून बाहेर काढलं, गरिबाची पँट अशी असते का म्हणत सगळ्या पोरांपुढून फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवून दिलं.

आमच्या घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की लिंबाजीला डोकं नव्हतं, म्हणून तो शाळा सोडून पळून आला. आजी मरेपर्यंत हेच म्हणायची. तोही मान डोलवायचा.

"मग घरी खरं काहून सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"मामाला वाईट वाटलं असतं," काका म्हणाला. "हौसेनं शिवली व्हती त्यानं."

तो उठून वऱ्हांड्यात गेला. फरशी तापली होती आणि ती मुलगी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती. काका तिच्यासमोर खाली बसला. तिच्या हातातल्या चपला घेऊन त्यानं तिच्या पायांपुढं जोडीनं मांडल्या.

"घाल लेकरा," तो म्हणाला. "कुनी काही म्हनत न्हाई."

पोरीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी मान हलवेपर्यंत तिनं पाय उचलला नाही.